स्प्रिंगफिल्डचं लिंकनचं घर, घरात वकील असेल तर नक्की घेऊन जा

आईबाबा शिकागोला आलेले, बाबांनी साताऱ्याला पस्तीस वर्षं वकिली केलीय आणि राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी लिंकनही वकीलच, म्हणून म्हटलं नायगारा वगैरे नंतर, आधी स्प्रिंगफिल्डला जाऊ. गाडीने साडेतीन तास, रस्ताभर नुसता मका.

तिकीट फुकट. 1887 ला लिंकनच्या मुलाने, रॉबर्टने घर इलिनॉय राज्याला दिलं तेव्हाच अट घातलेली की बघणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, ती अजून पाळतायत (पार्किंगचे मात्र पडतात). रेंजर सोबत येऊन सगळं दाखवतो.

आपल्या डोक्यात लिंकन म्हणजे लाकडी झोपडी आणि शाळेच्या भिंतीवरचं ते हेडमास्तरांना पत्र, जे त्यानेच लिहिल्याचा पुरावा नाही, असो. इथे बघतो तर दुमजली घर, नवराबायकोच्या वेगळ्या खोल्या, भडक वॉलपेपर. आई हळूच म्हणाली, "बरं चाललेलं की गं याचं." 1844 मध्ये 1200 डॉलर रोख आणि वर एक प्लॉट देऊन घेतलेलं, तेव्हा दीड मजलीच होतं, वकिली जमली तसा 1856 ला वर पूर्ण मजला चढवला. 1847 ते 49 खासदारकीची एक टर्म करून आला आणि परत कोर्ट, जज आणि वकील मिळून घोड्यावरून, बग्गीतून गावोगावच्या कोर्टांना फिरायचे, आठवडेच्या आठवडे घराबाहेर. एका रेल्वे कंपनीची मोठी टॅक्सची केस जिंकून दिली, 5000 डॉलर बिल लावलं, त्यांनी नाकारलं तर यानं आपल्याच अशिलावर दावा लावून वसूल केले! हे मी गाडीतच वाचून दाखवलेलं, बाबा तेव्हापासून खूश.

1858 ला सिनेटच्या जागेसाठी प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लसकडून हरला, आणि दोनच वर्षांनी याच दिवाणखान्यात पक्षाची माणसं राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सांगायला आली. जिन्याचा कठडा मूळचा आहे आणि त्याला हात लावू देतात. बाबांनी गुडघेदुखीच्या नावाखाली सावकाश चढून घेतलं.

जेवण मात्र फसलं, जवळच कुठेतरी हॉर्सशू खाल्लं, म्हणजे ब्रेडवर मीट, त्यावर फ्राईज, त्यावर चीजचा सॉस, आणि सगळंच गार.

लिंकनच्या खोलीत एक एवढंसं लिहायचं टेबल आहे, सहा फूट चार इंचाचा माणूस पाय कुठे घालत असेल देव जाणे. बाबांनी त्याचा फोटो काढून साताऱ्याच्या वकिलांच्या बाररूमच्या ग्रुपवर टाकला, तर खाली लगेच प्रश्न, "पक्षकार कुठे बसायचे?"