स्टेजचा टॅन: आपल्या सावळ्या अंगाला कुठला घ्यावा, कसा लावावा

मी बेळगावातल्या वडगावात पार्लर चालवते. धाकटा भाऊ शरीरसौष्ठव स्पर्धांत उतरायला लागला तेव्हापासून त्याच्या अंगाला टॅन, म्हणजे स्टेजसाठीचा गडद रंग, मीच लावते. आता त्याच्या जिममधली, येळ्ळूर-कडोलीकडची पोरंही येतात. पोझिंग ट्रंकच्या, म्हणजे स्टेजवर घालायच्या चड्डीच्या, कडेचं काम भाऊ करतो, बाकीचं मी. बऱ्याच बाटल्या हाताखालून गेल्या आहेत. स्पर्धेच्या आठवड्यात सगळेच घाईघाईने विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "अक्का, मी आधीच सावळा, खरं मला कशाला रंग?" स्टेजवरच्या दिव्यांचा झोत इतका प्रखर असतो की सावळं अंगसुद्धा त्यात फिकट आणि सपाट दिसतं. वर्षभर घाम गाळून काढलेले पोटाचे कप्पे, मांडीतल्या रेषा पंचांना दिसायच्या तर तिथे सावली पडायला हवी, आणि गडद, सारख्या रंगावर ती उठून दिसते. तेव्हा टॅन आपल्यालाही लागतो. फक्त गोऱ्या कातडीच्या लोकांचे व्हिडिओ बघून तीन-चार हात मारू नका. आपल्या अंगावर रात्री दोन आणि सकाळी एक पातळ हात पुष्कळ झाला. त्यापुढे सगळंच काळं होतं आणि कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, त्यात बुडून जातात.

माझी पसंती प्रो टॅन कंपनीच्या ओव्हरनाइट कॉम्पिटिशन कलरला. रात्री लावायचा, डीएचए असलेला रंग आहे. डीएचए म्हणजे डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, एक प्रकारची साखरच. कातडीच्या अगदी वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी तिचा संयोग होतो आणि कातडी तपकिरी होते. तव्यावरची भाकरी तांबूस होते ती याच जातीची क्रिया, इथे फक्त आच लागत नाही. याचा शोध मजेशीर आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ईव्हा विटगेनस्टाइन या संशोधक बाई आजारी मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या. औषध अंगावर सांडलं की कातडीवर डाग पडायचे, कपड्यांवर मात्र नाही, हे त्यांनी हेरलं. आपल्या बाटल्यांतला रंग कपड्याला लागतो तो लावताना दिसावं म्हणून मिसळलेला वरचा रंग. खरा रंग काही तासांनी चढायला लागतो आणि दिवसभर गडद होत जातो. म्हणून लावल्या लावल्या आरशात बघून "कमी पडला" म्हणत आणखी हात मारायचा नाही.

ड्रीम टॅनसारखी क्रीम बॅकस्टेजला पाच मिनिटांत लागते आणि अंग झकास चमकतं, म्हणून पोरांना तिचा मोह होतो. मी सुचवत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएफबीबीच्या नियमांत पुसून निघणाऱ्या रंगाला मनाई आहे. हात फिरवला आणि रंग हाताला लागला तर स्टेजवर जायच्या आधी पुसून यायला सांगतात. चकाकी, सोनेरी किंवा मोत्यासारखी झाक चालत नाही आणि तेलही बेतानेच लावायचं असतं. स्थानिक स्पर्धेत कोणी टोकत नसेल, खरं पोरगं पुढे राज्याला जायचं म्हणत असेल तर सवय पहिल्यापासून नीट लागावी.

बिनलेबलाची स्वस्त बाटली कुठूनही मागवू नका. अशा एका बाटलीने एका पोराचे खांदे गाजरासारखे केशरी झालेले मी पाहिले आहेत, आणि ते रातोरात निघत नाहीत. घटक, तारीख आणि सील बघूनच घ्या. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबा. खाज नाही ना आणि झाक कुठली येते, दोन्ही तिथेच कळतं. आपल्या गव्हाळ रंगाला तांबड्यापेक्षा किंचित हिरवट झाकेचा तपकिरी शोभतो.

निम्मं काम बाटली उघडायच्या आधीचं असतं. आपल्याकडे तालमीची सवय, मालिश केल्याशिवाय चैन पडत नाही. ते तेल आठवडाभर आधी बंद करा. कातडीवर तेलाचा अंश राहिला की तिथे रंग धरत नाही. केस आदल्या दिवशी सकाळपर्यंत काढून व्हावेत. ऐनवेळी वस्तरा फिरवला तर उघड्या रंध्रांत रंग बसून काळे ठिपके पडतात. मग खरबरीत पंच्याने अंग घासून मृत कातडी काढायची, कोपर, गुडघे, घोटे जास्त. त्यानंतर क्रीम नाही, अत्तर नाही, डिओ तर अजिबात नाही. डिओवर टॅन लावला की काखा हिरवट दिसतात.

शेतात राबणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी आणि माझ्या जिव्हाळ्याची. शर्टाच्या बाहीखालचा हात आणि मान उन्हाने रापलेली, छाती-पाठ दोन छटा उजळ, दंडावर सरळ रेघ. सगळीकडे सारखा टॅन लावला की ती रेघ तशीच राहते, फक्त गडद होते. अशा पोराला पहिला हात मी फक्त छाती, पोट, पाठ आणि रेघेच्या वरच्या दंडाला देते. स्पंज जवळजवळ कोरडा करून रेघेखाली चार बोटं ओढत नेते, म्हणजे कड विरून जाते. तो वाळला की दुसरा हात सगळ्या अंगाला. दुसऱ्या दिवशी दंड आणि मनगट एकाच माणसाचे वाटले की मला फार समाधान वाटतं. या पोरांनी पहाटे जनावरांचं बघून जिम केलेली असते. रंगापायी त्यांचे गुण जाऊ नयेत.

लावताना फरशीवर जुन्या तरुण भारतचे अंक पसरते. तळहात, तळपाय आणि नखांना व्हॅसलीन. मग लांब, सलग हात, मध्ये न थांबता. बरगड्यांसाठी हात वर धरायला लावायचे आणि काख वाळेपर्यंत ते खाली आणू द्यायचे नाहीत. भाऊ दर वेळी म्हणतो, "अक्का, किती वेळ उभा राहू गे?" वाळेपर्यंत, दुसरं उत्तर नाही. पातळ रंग घोट्याकडे ओघळतो, तो तिथल्या तिथे टिपायचा. कोपर-गुडघ्याला स्पंजवर उरलेलं तेवढंच. कानाची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत. चेहरा सकाळी, तोही हलका. डोळे आणि ओठ सोडून. फवाऱ्याने लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि नाक-तोंड झाका, डीएचएचे तुषार श्वासात जाऊ नयेत.

रात्री जुनी काळी चादर आणि सैल सुती कपडे. घट्ट इलॅस्टिकचा वळ सकाळी पट्ट्यासारखा उमटतो. थंडीत पोरं स्वेटर मागतात. त्याऐवजी खोली उबदार ठेवा, घाम मात्र येऊ देऊ नका. पाण्याचा एक शिंतोडासुद्धा फिकट ठिपका सोडतो, तेव्हा बाथरूमला जपून आणि जेवण चमच्याने. सकाळी बाटलीवर सांगितलं असेल तसं अंगावर पाणी घ्यायचं, टिपून कोरडं करायचं, मग रंगाचा सकाळचा हात. तेल स्टेजवर जायच्या अगदी आधी, तळहातावर चोळून अंगावर नुसतं फिरवायचं.

स्वस्त नाही हे सगळं, आणि डीएचएचा वास रात्रभर घरात राहतो. तरी सप्लिमेंटचा एक डबा कमी घ्या, खरं टॅन चांगला घ्या. स्पर्धेनंतर खोबरेल जिरवून कोमट पाण्याने घासलं की बराचसा उतरतो, बाकीचा आठवड्याभरात कातडीबरोबर जातो. तोवर उन्हात अंग झाका, हा रंग उन्हापासून वाचवत नाही. बाटली उरली तर झाकण घट्ट लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि पुढच्या वर्षासाठी न साठवता लगेच स्पर्धा असलेल्या दुसऱ्या पोराला द्या. जुना डीएचए रंग चढवत नाही.