सात पुरवठादार, एक स्टाइलशीट: आठ महिने वापरल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी स्टोअर्स बघतो, आणि ‘कॉम्प्युटरचं कळतं’ म्हणून एक्सएमएलही (प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावून लिहायची फाइल) माझ्याच गळ्यात. सात पुरवठादारांची चलनं, म्हणजे मालासोबतचे कागद, एक्सएमएलमध्ये येतात. माल तोच, पण टॅगची नावं प्रत्येकाची वेगळी. कुणाचा ‘आयटमकोड’, कुणाचा ‘पार्टनंबर’, चाकणचा एक तर नुसतं ‘पीएन’ लिहितो. आधी सातांसाठी सात एक्सएसएलटी फाइली होत्या. एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएल एका रूपातून दुसऱ्यात बदलायची भाषा, तिच्यात लिहिलेली फाइल म्हणजे स्टाइलशीट. अकाउंट्सच्या ताईंनी एक रकाना वाढवा म्हटलं की तेच काम सात वेळा.

आधी सगळं एकाच फाइलमध्ये घालून पाहिलं. स्टाइलशीटमधला प्रत्येक नियम म्हणजे टेम्प्लेट, आणि तो कोणत्या टॅगला लागू हे त्याच्या ‘मॅच’मध्ये लिहायचं. त्या मॅचमध्ये सगळी नावं उभ्या रेघेने जोडायची. तीन पुरवठादारांपर्यंत ठीक चाललं, पुढे ती ओळ वाचवेना. मग टॅगचं नाव पॅरामीटरमधून, म्हणजे चालवताना बाहेरून, द्यावं म्हटलं, तर एक्सएसएलटी १.० टेम्प्लेटच्या मॅचमध्ये व्हेरिएबल चालवूनच घेत नाही. २.० मध्ये चालतं. पण स्टाइलशीट चालवणारं आमचं सॉफ्टवेअर, एक्सएसएलटीप्रॉक, १.० वरच थांबलेलं, म्हणून त्याच कामाच्या सॅक्सनची फुकट मिळणारी एचई आवृत्ती घेतली. जावा असल्यामुळे सुरू व्हायला वेळ घेते. फाइलीगणिक न चालवता पूर्ण फोल्डर एकदम दिला की ते खुपत नाही.

शेवटी टिकली ती दोन टप्प्यांची पद्धत. प्रत्येक पुरवठादाराची वीस-पंचवीस ओळींची फाइल फक्त त्याची नावं आमच्या नावांत बदलते. पुढची मोठी स्टाइलशीट आमचीच नावं ओळखते, माल कुणाकडून आला हे तिला ठाऊकच नसतं.

इम्पोर्टने (एका स्टाइलशीटमध्ये दुसरी ओढून घेण्याने) मात्र एक अख्खा गुरुवार खाल्ला, तोही सुट्टीचा. ‘जे ओळखत नाहीस ते जसंच्या तसं उतरव’ असं सांगणारं टेम्प्लेट मी पुरवठादाराच्या फाइलमध्ये लिहिलं आणि सामायिक नियमांची फाइल इम्पोर्ट केली. एकही सामायिक नियम लागू होईना. इम्पोर्ट करणाऱ्या फाइलमधलं टेम्प्लेट कितीही ढोबळ असलं तरी इम्पोर्ट केलेल्या नेमक्या टेम्प्लेटवर मात करतं. कोणतं टेम्प्लेट जास्त नेमकं, म्हणजे प्रायॉरिटी, याचा विचार त्यानंतर होतो. ते टेम्प्लेट सामायिक फाइलमध्ये हलवलं आणि गाडी चालू लागली.

दुसरा फटका नेमस्पेसचा, म्हणजे टॅगच्या नावाला जोडलेल्या आडनावासारख्या ओळखीचा. एका पुरवठादाराने न सांगता मुळाच्या टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस लावला. त्यामुळे आमच्या मॅचमधलं एकही नाव जुळेना, पण एररही आली नाही. कोणताच नियम जुळला नाही की लागू होणाऱ्या अंगभूत टेम्प्लेटांनी सगळा मजकूर सलग ओकला आणि ताईंच्या टेबलावर एका ओळीत पूर्ण चलन पडलं. त्या पुरवठादाराच्या फाइलमध्ये एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस (बिनउपसर्गाची नावं याच नेमस्पेसमधली धर, असं सांगणारी सूचना) लिहून निभावलं. आता पहिल्या टप्प्यानंतर आयटमांची संख्या शून्य आली तर फाइल तिथेच अडवतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मागच्या महिन्यात आठवा पुरवठादार आला. त्याचं सगळं ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेलं, तरी एका दुपारीत बसवला. एचएसएन कोडचा (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) रकाना सर्वांसाठी एकाच जागी वाढला.

नावांपलीकडे मात्र या पद्धतीचा हात पोचत नाही. ‘०५-०४’ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे पुरवठादाराला फोन करूनच कळतं. आणि एक जण बोल्ट किलोवर पाठवतो, आमचा हिशेब नगावर. त्याची चलनं मी अजून वजनकाट्याशेजारी उभा राहून हातानेच भरतो.