मेंदूच्या कॅप्सूल, आईसाठी घेतल्या होत्या
बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मेडिकलमधून आणल्या, आई ७४ ची आहे, गॅस बंद केला का ते चारचारदा उठून बघते. डबीवर मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे बारीक भाग) मोठ्या अक्षरात पण आत काय किती मिग्रॅ ते कुठेच नाही, याचाच राग आला. कारण मुद्दा खोटा नाहीये, मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्केच पण ऊर्जा २० टक्के खातो, ती बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वयानुसार थकतात आणि काही म्हाताऱ्या पेशी मरायच्या सोडून आजूबाजूला सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. गोळीने हे थांबतं असं माणसांत अजून सिद्ध झालेलं नाही. तीन महिने दिल्या, फरक शून्य. कमाटीबागेत सकाळी चालवून आणते तेव्हा मात्र आई खुलते, घरी येईपर्यंत बोलत असते. परत घेणार नाही.