पूलचे आकडे कुठे लिहायचे: एक्सएमएलमध्ये की सीएलआय स्क्रिप्टमध्ये?

वाइल्डफ्लाय या जावा अॅप्लिकेशन सर्व्हरवर डेटासोर्सचे (डेटाबेस कनेक्शनचे) आणि ईजेबीचे (सर्व्हर सांभाळतो त्या जावा घटकांचे) पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायला तयार ठेवलेले साठे, सांभाळायचे दोन रुळलेले मार्ग आहेत. एकात सर्व्हरचं कॉन्फिगरेशन असलेली स्टँडअलोन एक्सएमएल फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवायची, तिथेच आकडे बदलायचे आणि ती सर्व्हरवर टाकायची. दुसऱ्यात मूळ फाइलला हात न लावता जेबॉस सीएलआय या वाइल्डफ्लायच्या कमांड-लाइन टूलच्या कमांड एका साध्या फाइलमध्ये लिहून चालवायच्या. मी पहिल्या मार्गाने काही वर्षं काम केलं, आता दुसऱ्यावर आहे. वेबलॉजिक, ग्लासफिश या दुसऱ्या सर्व्हरवालेही त्यांच्या डब्ल्यूएलएसटी किंवा एएसअॅडमिन या टूलच्या निमित्ताने असाच विचार करत असतील, पण माझा अनुभव वाइल्डफ्लायपुरताच आहे.

एक्सएमएलची बाजू कमकुवत नाही. फाइल उघडली की डेटासोर्सचा पूल, स्टेटलेस बीनचा (दोन कॉलमध्ये काही लक्षात न ठेवणाऱ्या ईजेबीचा) पूल, एमडीबीचा (संदेशांवर काम करणाऱ्या ईजेबीचा) पूल, सगळं एका ठिकाणी दिसतं. टीममध्ये नव्याने आलेला माणूस वाचत वाचत समजून घेऊ शकतो. वेगळी भाषा शिकावी लागत नाही. सर्व्हर एकच असेल आणि कॉन्सोलला (सर्व्हर सांभाळायच्या वेब पानाला) कोणी हात लावत नसेल, तर कदाचित तुम्हाला याहून जास्त काही लागणारही नाही.

मला मात्र एका गोष्टीने हैराण केलं. ती फाइल आपल्याला आपली वाटते, पण असते सर्व्हरची. सुरू होताना तो ती वाचतो, मेमरीत स्वतःचं मॉडेल तयार करतो, आणि मॅनेजमेंटमधून (कॉन्सोल किंवा सीएलआयवरून) कुठलाही बदल झाला की ते मॉडेल पुन्हा फाइलवर लिहितो. त्या मॉडेलमध्ये कॉमेंटला जागाच नाही. त्यामुळे कोणी कॉन्सोलवरून साधं डिप्लॉयमेंट केलं, म्हणजे अॅप्लिकेशन सर्व्हरवर चढवलं, तरी तुमच्या कॉमेंट जातात. सर्व्हर चालू असताना हाताने केलेला बदलही असाच पुसला जातो.

आमच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस होता, मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्टप्रमाणे १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. सर्व्हरचे नोड (चालू प्रती) ३, प्रत्येकाचा मॅक्स पूल साइझ ३०. म्हणजे ९०, वर थोडी मोकळीक. हा हिशेब मी पूलच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवला होता. एका डिप्लॉयमेंटमध्ये ती कॉमेंट गेली. पुढे सर्व्हरवरची फाइलच खरी धरून ती गिटमध्ये परत आली, त्यामुळे गिटमधूनही गेली. कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये हिस्टरीच्या जुन्या प्रती असतात हे खरं, पण काहीतरी हरवलंय हे माहीत असेल तरच माणूस तिथे शोधणार.

काही महिन्यांनी लोड वाढला. कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबून रिक्वेस्ट फेल होऊ लागल्या. एका सहकाऱ्याने पूल ३० चा ४० केला. समोर जे दिसत होतं त्यावरून कोणीही तेच केलं असतं. पण ४० त्रिक १२०. लोड चढला तशी पोस्टग्रेसने नवी कनेक्शन नाकारायला सुरुवात केली, आणि जे आधी फक्त हळू होतं ते बंदच पडलं. आकडा फाइलमध्ये होता, तो तसा का आहे हे कुठेच उरलं नव्हतं. त्या आठवड्यात मी सगळे पूल स्क्रिप्टमध्ये हलवले.

सीएलआयच्या फाइलमध्ये हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे कॉमेंट. सर्व्हर त्या फाइलवर कधीच लिहीत नाही, त्यामुळे लिहिलेलं तसंच राहतं. गिटमधला फरकही एका ओळीचा दिसतो. शिवाय बदल लागू केल्यावर सर्व्हर लगेच सांगतो की तो लागू झाला की रीलोड लागेल. त्याच टूलने पूलची आकडेवारीही वाचता येते: किती कनेक्शन वापरात आहेत, आजवर जास्तीत जास्त किती लागली. फक्त स्टॅटिस्टिक्स आधी चालू करायला विसरू नका, डिफॉल्टने ते बंद असतं.

स्क्रिप्टचा त्रासही आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. राइट-अॅट्रिब्यूट (असलेलं मूल्य बदलायची कमांड) कितीही वेळा चालवा, बिघडत नाही. पण अॅड (नवं काही जोडायची कमांड) दुसऱ्यांदा चालवली की डुप्लिकेट रिसोर्स म्हणून अडते. मग आधी रीड-रिसोर्स करून, ते आहे का हे इफने तपासावं लागतं, आणि फाइल पाल्हाळिक होते. मी यातून वेगळी वाट काढली: सर्व्हरची इमेज (तयार प्रत) बनवतानाच, एम्बेड-सर्व्हर (सीएलआयच्या आतच सर्व्हर चालवणारी कमांड) वापरून, दर वेळी कोऱ्या वितरणावर स्क्रिप्ट चालवतो. तिथे आधीचं काही नसतंच. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कमांड बॅचमध्ये घातल्या की एक चुकली तर सगळ्या मागे फिरतात. ही सवय लागायला मला थोडा वेळ लागला.

आवृत्ती बदलतानाही स्क्रिप्ट मला सोयीची वाटली. जुनी एक्सएमएल नव्या सर्व्हरवर बहुतेक वेळा चालते, पण तिच्याबरोबर जुने डिफॉल्टही येतात. स्क्रिप्टमध्ये फक्त आपण मुद्दाम बदललेलंच असतं, बाकी सगळं नवं मिळतं.

एक्सएमएलवरच राहायचं असेल तर सर्व्हर रीड-ओन्ली सर्व्हर कॉन्फिग या पर्यायाने सुरू करा. मग तो फाइलवर लिहीत नाही आणि माझी मुख्य तक्रार उरत नाही. पण कॉन्सोलवर केलेला बदल रीस्टार्टनंतर नाहीसा होतो, हे टीममध्ये सगळ्यांना आधी सांगून ठेवावं लागेल.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता प्रत्येक आकड्यावर एक-दोन ओळी असतात. डेटासोर्सवर नोडांचा गुणाकार. एमडीबीच्या पूलवर ही नोंद, की मॅक्स सेशन (एका वेळी संदेश घेणाऱ्या सेशनची मर्यादा) डिफॉल्टने १५ असताना पूल त्याहून मोठा करून उपयोग नाही. स्टेटलेस बीनच्या पूलवर ही, की इन्स्टन्स (बीनची मोकळी प्रत) मिळाला नाही तर कॉलर डिफॉल्टने ५ मिनिटं ताटकळतो, म्हणून ती मुदत आम्ही १० सेकंदांवर आणली आहे.