होम स्टिरिओची घूं-घूं आणि फाटणारा आवाज: वैशाखापासून तुरीच्या सवंगणीपर्यंतचा अनुभव

तिवसा तालुक्यातल्या आमच्या घरी वैशाखात दोन चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल भाग) दोन छोटे स्पीकर आले. आता तूर सवंगायला (कापायला) आली आहे. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. संच उत्तम आहे, आणि गावाकडे स्पीकरमधून नको तो आवाज आला तर स्पीकरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी वीज बघा, मग घर, मग अ‍ॅम्प्लिफायर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालचं सगळं कोणत्याही कंपनीच्या संचाला लागू पडतं.

आमच्याकडे मुख्य ऐकणारे बाबा. गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं रोज सकाळी लागतात. स्पीकर तपासायला खंजिरीसारखं वाद्य नाही. थापेचा कडक ठोका आणि चकत्यांची किणकिण एकदमच येते, त्यामुळे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जरासा करकरला तरी लगेच कळतं. खालच्या सुरांसाठी तबल्याचा डग्गा ऐकावा.

पहिली तक्रार घूं-घूंची. गाणं थांबवलं तरी दोन्ही स्पीकरमधून जाड, अखंड घूं यायची. आपली वीज ५० हर्ट्झची. घूं जाड आणि मऊ असेल तर ती बहुधा अर्थिंगच्या भानगडीतून येते. थोडी खरबरीत, १०० हर्ट्झची असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे भाग) थकलेत का ते बघावं. कानाला फरक कळत नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट अ‍ॅप मिळतं, त्यात कोणत्या आकड्यावर रेघ उंच उठते ते दिसतं.

मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या वायरी काढल्या, फक्त स्पीकर ठेवले. घूं गेली. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक होता. मग एकेक वायर परत लावत गेलो. चार्जर काढलेला मोबाइल जोडला तेव्हा सगळं शांत. टीव्ही जोडला आणि घूं हजर. सेट-टॉप बॉक्सला मागून येणारी डिशची वायर उघडली की बंद, लावली की सुरू. कारण सापडलं ते असं: डिश ज्या लोखंडी पाइपवर आहे तो घरामागच्या जमिनीत गाडलेला, आणि घराचं अर्थिंग पुढच्या अंगणातल्या खड्ड्यात. एकाच घराला दोन ठिकाणी जमीन मिळाली. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये जो थोडा फरक पडतो त्यामुळे डिशच्या वायरीच्या जाळीतून थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत प्रवाह वाहतो, आणि स्पीकर तो वाजवून दाखवतो.

इथवर समजलं तरी एक गोष्ट जुळत नव्हती. दुपारी कूलर लावला की घूं एकदम चढायची. कूलरची पिन उपसली की तेवढीच उतरायची. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. "भाऊ, मोटारीत ओल गेली हो. आन् तुमचं अर्थिंग पार कोरडं पडलं, करंट जाईन कुठं?" कूलरच्या मोटारीतून थोडा करंट पत्र्यावर गळत होता आणि तिथून अर्थिंगच्या वायरीत जात होता. काळी जमीन वैशाखात आक्रसते, तिला बोटभर भेगा पडतात, खड्ड्यातल्या पाइपला धरून असलेली माती सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट कमी पडली, म्हणून घरभरच्या अर्थिंगच्या वायरीवर व्होल्टेज चढलं. स्पीकरमध्ये ऐकू येत होतं ते हेच.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. त्यामुळे ही घूं माझ्यासाठी संगीताची बाब राहिली नाही. कूलरची मोटार त्याच दिवशी बदलली, अर्थिंगच्या खड्ड्यात नवा कोळसा आणि मीठ भरलं, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाला तर हा स्विच क्षणात लाइन तोडतो. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकत राहिलो. घूं बरीच उतरली.

उरलेली घालवायला काही जण एक वाईट उपाय सांगतात: थ्री-पिनची मोठी पिन काढून टाका, किंवा टू-पिनचा जुगाड लावा. घूं त्याने जाते, खोटं नाही. पण उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर फेज उतरला तर त्याला जायला वाट उरत नाही, पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातूनच तो जातो. हे कोणीही करू नका, कळकळीने सांगतो. आमच्या टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरला तसंच इनपुट. त्या केबलमधून फक्त उजेड जातो, वीज जात नाही. ती लावली आणि उरलेली घूंही संपली. ऑप्टिकल नसेल तर ऑडिओच्या वायरीत लावायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तोही चालतो.

बारीकसारीक आवाजही भेटले. बाबांचा साधा की-पॅडचा फोन अ‍ॅम्प्लिफायरशेजारी ठेवला की कॉल यायच्या आधी टर्र-टर्र व्हायची. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचा झटका सोडतो, ती टर्र-टर्र त्याचीच. फोन हातभर लांब ठेवला की झालं. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची झिणझिण वेगळी असते, रेग्युलेटर फुल्ल केला की जाते. पावसाळ्यात आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायला लागली, तो बटणाच्या आतला मळ. प्लग काढून काँटॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारला, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवलं, फवारा वाळू दिला. परत आली नाही.

पोळ्याच्या सुमारास मात्र उजवा स्पीकर डग्ग्यावर फाटायला लागला. स्पीकर उडाला असंच घरच्यांना वाटलं. इथे दोन अदलाबदली करायच्या, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी संच बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी उलटसुलट केल्या. आवाज उजवीकडेच फाटत राहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची बाजू निर्दोष. मग स्पीकरच उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. तरीही आवाज उजव्या कोपऱ्यातच! मोबाइलवरून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर सोडला, तर ९० च्या आसपास त्या कोपऱ्यातली स्टीलची मांडणी थरथरायला लागली. ताटं एकमेकांना लागत होती, आणि वर छपराच्या टिनाचा एक नट ढिला होता. नट आवळून घट्ट केला, ताटांमध्ये कापड घातलं, स्पीकरखाली रबराचे तुकडे दिले. काम झालं.

दोष स्पीकरमागेच फिरला असता तर वूफरच्या कागदावर दोन्ही बाजूंनी बोटं टेकवून तो अगदी हलक्या हाताने सरळ आत दाबून बघायचा. आत घासल्यासारखं लागलं तर व्हॉइस कॉइल (कागदामागची तारेची गुंडाळी) घासतेय. कडेची गोल झालर फोमची असेल तर ती उन्हाळ्या-पावसाळ्यांनी कुजते, बोट लावलं की भुगा पडतो. आमच्या स्पीकरची रबराची आहे, घेतानाच ती बघून घेतली होती. वायरी काढून मल्टिमीटर लावला तर ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ओम दाखवतो, तेवढं बरोबर असतं. रीडिंगच आलं नाही तर कॉइल तुटलीय. शेजाऱ्यांच्या स्पीकरच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, म्हणून तिथेही टॉर्च मारून बघावं.

सध्याचा प्रश्न ओलिताचा आहे. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटारी चढल्या की घरात १८० व्होल्ट मिळतात. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर आहे. २३० ऐवजी १८० मिळाले की त्याची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. आवाजाचं बटण रोजच्याच जागी ठेवलं तरी डग्ग्याच्या ठोक्याला लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. कापलेल्या लाटेत वरचे सूर नको तितके भरतात, ते सगळे ट्वीटरवर जातात आणि तो जळू शकतो. अशा वेळी बास आणि लाउडनेस (खालचे सूर वाढवणारी बटणं) बंद ठेवतो, आवाज कमी करतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं त्यांना हा त्रास सहसा होत नाही. गावात नवीन घेणाऱ्याने तो आकडा आधी वाचावा. आमच्यासाठी स्टॅबिलायझर बघतोय, १४० व्होल्टपासून काम करणारा. त्याची रिले (आतला आपोआप बदलणारा स्विच) बदलताना स्पीकरमध्ये ठक्क येते का, हे दुकानात लावून ऐकल्याशिवाय घेणार नाही.