‘काकूंना सगळ्यांसमोर अवघड होईल ना, ताई?’

परवा एका मैत्रिणीनं मेसेज पुढे पाठवला. "हा माणूस कसा आहे गं? आई-पप्पांना हाकोनेला न्यायचंय." खाली त्या माणसाची जाहिरात होती आणि शेवटची ओळ अशी: ‘काकूंना सगळ्यांसमोर अवघड होईल ना, ताई? आपण वेगळं कुंड घेऊ.’ नाव वेगळं, फोटो वेगळा, वाक्य मात्र तेच, ज्याला मी एकदा फसले होते. म्हणून लिहायला बसले, नाहीतर स्वतःच्या मूर्खपणाचं प्रदर्शन कोण मांडतं!

२०२४ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे तोक्योतल्या निशी-कासाईला आले होते. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघून झाला आणि बाबांनी ओनसेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याचा, धोशा लावला. तोक्योहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं म्हणजे हाकोने. मला तो रस्ता तोंडपाठ. शिंजुकुहून युमोतो, तिथून डोंगरात पुढे-मागे होत चढणारी छोटी रेल्वे गोरापर्यंत, मग केबल कार, रोपवे, ओवाकुदानीची ज्वालामुखीची दरी आणि आशी तलावावरचं ते चाच्यांच्या थाटाचं पर्यटकांचं जहाज. हे सगळं ‘फ्री पास’ नावाच्या एका पासात बसतं. शिंजुकुहून दोन दिवसांचा पास तेव्हा ६,१०० येनला होता. रोमान्सकार या जलद रेल्वेचं जादा तिकीट धरूनसुद्धा चौघांचं पस्तीस हजारांच्या आत भागलं असतं.

अडलं ते आईपाशी. बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं असलं, तरी अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता चार अनोळखी बायकांत उतरायचं, हे ऐकून तिनं निकाल दिला, "मी बाहेर बसते. तुम्ही या जाऊन." त्यात बाबांचे गुडघे.

मी इथल्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, आईला चालेल असं काही आहे का? दहा मिनिटांत एकाचा वेगळा मेसेज. स्वतःला साताऱ्याचा म्हणवत होता. बोलणं इतकं घरचं, की तिसऱ्या वाक्यालाच आईची ‘काकू’ झाली. आणि मग ते वाक्य. माझी खरी अडचण त्यानं माझ्याच मेसेजमधून उचलून मला परत विकली, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, किती समजूतदार मुलगा!

चौघांचे ७२,००० येन. घरापासून गाडी, रोपवेचा ‘व्हीआयपी पास’, वरण-भाताचं जेवण आणि एका पारंपरिक जपानी सराईत, र्‍योकानमध्ये तासभर काशिकिरी, म्हणजे फक्त आपल्या कुटुंबासाठी राखलेलं कुंड. आधी निम्मे मागितले, दोन दिवसांनी "र्‍योकानवाले पूर्ण मागतायत" म्हणून उरलेलेही. फुरिकोमी, म्हणजे बँकेतून पैसे पाठवताना, स्क्रीनवर खातेदाराचं नाव काताकाना लिपीत येतं. ते मराठी सोडाच, भारतीयही वाटेना. विचारलं, तर "पार्टनरचं खातं आहे, ताई." आणि मी बटण दाबलं. नवऱ्यानं एकदा भुवया उंचावल्या होत्या, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

सकाळी गाडी आली. चालवायला दुसराच मुलगा होता, अबोल. वाटेत एबिनाच्या थांब्यावर मेलनपान, म्हणजे गोड पाव, खात गाडीमागे उभी होते, तेव्हा नंबरप्लेटकडे लक्ष गेलं. पांढरी पाटी आणि आकड्यांच्या आधी ‘わ’ हे अक्षर, म्हणजे ‘वा’. जपानमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. पांढरी पाटी खासगी गाडीची, आणि ‘वा’ म्हणजे भाड्यानं आणलेली. असल्या बेकायदा टॅक्सीला इथे ‘शिरोताकु’ म्हणतात. काही झालं असतं, तर विमा कंपनीनं काय केलं असतं, कोण जाणे. पण आई-बाबा आत बसलेले, पैसे गेलेले. आम्ही गप्प बसलो.

रोपवेच्या दारात व्हीआयपी पासचा क्यूआर कोड दाखवला. तिथल्या बाईंनी मशीनला लावला, पुन्हा लावला आणि दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले. "त्सुकाइझुमी." वापरून झालेला. कुणाच्या तरी जुन्या पासचा स्क्रीनशॉट होता तो. खिडकीवर पुन्हा तिकिटं काढली. ओवाकुदानीला गंधकाच्या वासात काळी अंडी खाताना बाबा म्हणाले, "एका अंड्यानं सात वर्षं वाढतात म्हणे. बरंय, पैसे वसूल करायला लागतील."

वरण-भात मागितला, तर ड्रायव्हरला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. र्‍योकानमध्ये काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव, नवऱ्याचं नाव, त्या माणसाचं नाव, सगळं वहीत शोधलं. असं आरक्षणच नव्हतं. मी ‘लाइन’ ॲपवर त्याला मेसेजमागून मेसेज टाकत होते, एकाखालीही ‘किदोकु’, म्हणजे ‘वाचलं’, उमटेना. वाचतच नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, मला तीनपर्यंतचेच पैसे ठरलेत. त्यानं आम्हाला युमोतो स्टेशनवर सोडलं आणि गेला. येताना रोमान्सकारचं तिकीट पुन्हा आमच्याच खिशातून.

त्याआधी र्‍योकानच्या बाईंना आमची दया आली असावी. अंगणात पाय बुडवून बसायचं आशियु होतं, तिथे त्यांनी बसवलं. आईनं साडी पोटरीपर्यंत धरली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "हे एवढंच होतं, तर एवढा खर्च कशाला केलास?"

नंतर त्याच र्‍योकानला फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की काशिकिरी थेट फोनवर मिळते आणि आधी एक येनही द्यावा लागत नाही. हा फोन मी आठवडाभर आधी केला असता, तर! सहली विकणाऱ्याकडे इथे सरकारी नोंदणी क्रमांक असावा लागतो. तोही एका ओळीत विचारता आला असता. जपानी दुकानदाराला मी विचारलाच असता. मराठी बोलणाऱ्याला विचारायची लाज वाटली.

पोलिसांच्या #९११० वर फोन केला, ग्राहकांसाठीच्या १८८ वर केला. दोघांनी एकच सांगितलं, आधी बँकेला कळवा. बँकेनं खातं गोठवलंही. अशा गोठवलेल्या खात्यातली रक्कम फसलेल्यांत वाटून द्यायचा कायदा जपानमध्ये २००८ पासून आहे, मात्र शिल्लक हजार येनच्या आत असेल, तर वाटप होत नाही. आमच्या साताऱ्याच्या भावानं खात्यात २१४ येन ठेवले होते.