भंवरकुआंचं ‘फिजिक्सनंतर काय’ पॅकेज: फाइल घ्या, चाचणी सोडा

इंदूरच्या भंवरकुआं चौकात कोचिंगच्या पाट्यांना तोटा नाही. त्यातच एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, फिजिक्स घेऊन बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या मुलींसाठी आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींसाठी समुपदेशनाचं पॅकेज मिळतं. दीड-दीड तासाच्या तीन बैठका, 2,400 रुपये. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला दाखवला तर निम्मे. केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण अशी पॅकेजं त्या गल्लीत आणखीही आहेत आणि खालच्या कसोट्या सगळ्यांनाच लावता येतील. पहिल्या दोन बैठकांत पैसे वसूल होतात. तिसरी फुकट दिली तरी नको.

पहिली बैठक कागदांची. पारदर्शक खिशांची निळी फाइल हातात देतात आणि प्रत्येक खिशावर चिठ्ठी असते: कोणता कागद, कोणी दिलेला, किती तारखेपर्यंत चालणारा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिजिक्समधल्या मुली गणितात अडकून गळतात त्याहून जास्त तारखांत आणि दाखल्यांत अडकून गळतात, आणि हे ओळखणारं केंद्र विरळा. (अ‍ॅना मणी या नामवंत हवामानशास्त्रज्ञ; त्यांनी बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटांवर पाच शोधनिबंध लिहिले, 1945 मध्ये प्रबंधही दिला, एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. तेव्हापासून फारसं काही बदललेलं नाही.)

जातीच्या दाखल्याचा खिसा सगळ्यात नीट लावलाय. इंदुरातल्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा. एक घर होळकरशाहीपासून इथलंच, दुसरं 1980 नंतर पीथमपूरच्या कारखान्यांसाठी खानदेशातून आलेलं. दोन्हीकडे आडनाव एक, बोली एक. पण अनुसूचित जाती-जमातीची नोंद राज्यवार असते. दुसऱ्या घरातल्या मुलीला वडिलांच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावरून स्थलांतरितांच्या नमुन्यातला दाखला काढावा लागतो. तो केंद्राच्या जागांना चालतो, मध्य प्रदेश सरकारच्या सवलतींना नाही. आयआयटी, अणुऊर्जा विभाग, नेट (प्राध्यापकी आणि जेआरएफ या संशोधन-फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा) हे सगळं केंद्राचं, म्हणजे फिजिक्सवाल्यांचं बरंचसं काम त्यावर भागतं. बौद्ध कुटुंबांना 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचा लाभ केंद्रातही मिळतो, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यावर अर्ज परत येतो. हे समुपदेशक काकू नमुना समोर ठेवून, ओळीवर बोट ठेवून समजावतात.

ओबीसीच्या खिशातही दोन गोष्टी बरोबर सांगितल्यात. दाखला चालू आर्थिक वर्षातला हवा, आणि क्रिमीलेयर (सवलतीबाहेर ठेवलेला सधन गट) ठरते ती आईवडिलांच्या स्थितीवरून. लग्न झालेल्या मुलीच्या नवऱ्याचा पगार तिथे मोजत नाहीत. सासरचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसीलच्या चकरा मारणाऱ्या मुली कमी नाहीत, म्हणून ही एक ओळ मोलाची. आठ लाखांची मर्यादा बघताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरायचं नसतं, हे मात्र फाइलमध्ये नाही. विचारून घ्या. (आईवडील अ किंवा ब वर्गाच्या सरकारी पदावर असतील तर हिशेब वेगळा.)

फाइलच्या शेवटी शिष्यवृत्त्यांचा तक्ता आहे आणि तो जुना झालाय. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप अजून त्यात ठळक अक्षरांत झळकते. ती 2022-23 पासून बंद आहे. अल्पसंख्याक समाजाच्या मुलीने त्या भरवशावर पीएचडीचं गणित मांडलं तर वर्ष हातचं जाईल. तिने नेट-जेआरएफ धरावी. तिथे स्त्रियांना वयात 5 वर्षांची सवलत आहेच. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी तक्त्यात जुन्याच ‘वुमन सायंटिस्ट’ योजना आहेत. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने त्या वाइज-किरण या स्त्रियांसाठीच्या मोठ्या योजनेखाली नव्याने मांडल्यात; आता वाइज-पीएचडी आणि वाइज-पीडीएफ (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) या नावांनी शोधायचं. बारावीत वरच्या 1 टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला गेलेल्यांसाठीची इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला 80,000 रुपये, तक्त्यात बरोबर आहे. पण बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला ती दाखवून उपयोग काय?

दुसरी बैठक बघण्यासारखी आहे. रेडिओथेरपीत, म्हणजे कर्करोगावरच्या किरणोपचारात, काम करणारी मेडिकल फिजिसिस्ट येते आणि भाषण न देता मीटर, छोटा चेंबर आणि दाबमापक टेबलावर मांडते. फिजिक्सच्या मुलींना हा रस्ता कुणी दाखवत नाही, घरी एकच प्रश्न असतो, “शिक्षिका होणार की बँकेची परीक्षा देणार?” रस्ता असा: एमएस्सी फिजिक्स, त्यावर एक वर्षाचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा (मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा सगळ्यात जुना आणि मानाचा), मग रेडिओथेरपी विभागात वर्षभर इंटर्नशिप. थेट मेडिकल फिजिक्समधली एमएस्सी हा दुसरा मार्ग, पण प्रवेश घेण्याआधी तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटींत बसतो का ते पाहायचं. नाहीतर पदवी हातात आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची मान्यता नाही, अशी अवस्था होते.

प्रात्यक्षिक दाबाच्या गुणकाचं आहे. किरणांचा डोस मोजणाऱ्या आयन चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला मोकळी असते; हवा विरळ असेल तर आयन कमी सुटतात आणि मीटर कमी आकडा दाखवतो. म्हणून आकड्याला गुणक लावतात, संदर्भ 20 अंश सेल्सिअस आणि 1013.25 हेक्टोपास्कल. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, इथला खरा दाब 950 च्या आसपास. खोली 24 अंशांवर असेल तर गुणक येतो सुमारे 1.08. आता गंमत अशी, की मोबाइलमधलं हवामानाचं अ‍ॅप इंदूरचा दाब 1010 वगैरे दाखवतं, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तोच घातला तर गुणक 1.017 येतो आणि डोस जवळपास 6 टक्के कमी मोजला जातो. मशीन कमी किरण सोडतंय असं समजून कुणी ते वाढवलं, तर रुग्णाला तेवढा जादा डोस. महिन्याच्या तपासणीत 2 टक्क्यांहून जास्त फरक खपवून घेत नाहीत, तिथे हे! टेबलावरच्या दाबमापकाचा काटा आणि हातातला मोबाइल शेजारी ठेवले की मुलींच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते दहा प्रेरणादायी भाषणांनी उमटत नाही.

किरणोत्साराच्या भीतीचा विषयही इथेच निघतो, आणि बहुतेकदा सोबत आलेली आई काढते. उत्तर आकड्यांत दिलं जातं, हे आवडलं. कामगाराची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप), कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलीसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलणं ही संस्थेची जबाबदारी. म्हणून कळवणं लेखी हवं, तोंडी नको. अंगावर पडलेले किरण नोंदवणारा, छातीवर लावायचा टीएलडी बॅजही उघडून दाखवतात: टेफ्लॉनमध्ये घातलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या, दोघींवर वेगवेगळी गाळणी, तिसरी उघडी. शिशाचा एप्रन घातला तर बॅज त्याच्या आत. तो बाहेर लावला किंवा एक्स-रेच्या खोलीत विसरला की आकडा भलताच चढतो आणि नंतर चौकशीला तोंड द्यावं लागतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. हे केंद्र इंदुरात बसून इंदूरच विसरलंय. पोहे-जिलेबी खाऊन निघालं की घटकाभरात ऑटो जिथे सोडते, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आपल्या कॅटमध्ये, 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं इंडस-2 आहे, इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं 172.5 मीटर परिघाचं प्रवेगक यंत्र. पॅकेजमध्ये त्यावर एक ओळ: ‘पीएचडीनंतर शास्त्रज्ञ’. चूक. एमएस्सीला 60 टक्के असतील तर भाभाच्या ट्रेनिंग स्कूलचा एक वर्षाचा ओसीईएस अभ्यासक्रम थेट वैज्ञानिक अधिकारीपदाकडे नेतो, आणि त्या शाळेची एक शाखा खुद्द कॅटमध्ये आहे. निवड गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर किंवा त्यांच्याच ऑनलाइन परीक्षेवर, पुढे मुलाखत. वयोमर्यादा 26, ओबीसींना 29, अनुसूचित जाती-जमातींना 31. स्त्रियांना अर्जाचं शुल्क माफ, वयात मात्र स्त्री म्हणून वेगळी सवलत नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी एमएस्सी झालेल्या मुलीला तीन-चार संधी मिळतात. मध्ये दोन वर्षं ‘आधी लग्नाचं बघू’त गेली तर एखाद-दुसरीच उरते. मुख्य समुपदेशन खरं तर हेच, आणि तेच गायब. निवड झाली तर तीन वर्षांचा बाँड असतो, हेही घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पीएचडी नको असणाऱ्यांसाठी प्रवेगकाभोवती पुष्कळ काम असतं आणि त्याचा उल्लेखच नाही. व्हॅक्यूम घ्या. इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहावेत म्हणून नळीत दाब 10 चा उणे 9 वा घात मिलिबारच्या आसपास ठेवावा लागतो. मोजा न घालता लावलेल्या बोटाचा तेलकट ठसा दिवसचे दिवस वायू सोडत राहतो. जोड गळतोय का हे बाहेरून हेलियमची बारीक फुंकर देऊन शोधतात. हेलियम हलका, म्हणून वरच्या जोडापासून खाली येत तपासायचं, नाहीतर खाली सोडलेला वायू वर चढून भलत्याच जोडावर आळ घेतो. हे कसब बीएस्सीच्या मुलीलाही शिकता येतं आणि अशा पदांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. वयाची अट मात्र कडक असते, म्हणून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापासूनच नजर ठेवायची. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुख्यालय आहे, विद्यापीठातल्या संशोधकांना मोठी यंत्रं वापरता यावीत म्हणूनच काढलेलं. होळकर सायन्स कॉलेजातून ते पायी जाण्याजोगं, पण फाइलमध्ये पत्ताही नाही.

पेटंटचा रस्ता दाखवलाय, पण ‘एलएलबी आवश्यक’ असं लिहून मुलींना घाबरवलंय. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी, 21 वर्षं पूर्ण आणि भारतीय नागरिकत्व एवढंच लागतं. 100-100 गुणांचे दोन पेपर आणि तोंडी. दोन्ही पेपरांत किमान 50 आणि एकूण 60 टक्के. कोर्टात उभं राहायला वकिली लागते, पेटंटचा मसुदा लिहायला आणि पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरसमोर मांडायला नाही. घरून करता येणारं, फिजिक्स जिवंत ठेवणारं याहून चांगलं काम आमच्या तरी माहितीत नाही. स्त्रियांना या विषयाचं वर्षभराचं प्रशिक्षण वाइज-किरणमधूनच मिळतं.

पीएचडीच्या पानावर यूजीसीच्या 2022 च्या नियमांतलं स्त्रियांच्या कामाचं तेवढं आलंय: मुदतीवर 2 वर्षं जादा आणि संपूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. नियमाची प्रत फाइलमध्ये लावलीय, शाबास. गाईडशी बोलताना ती हातात असली की बोलणं लवकर संपतं. शिक्षकी पेशा आणि डेटाच्या नोकऱ्या एकेका पानात उरकल्यात. त्यांची माहिती सगळीकडे मिळते, तक्रार नाही.

तिसरी बैठक म्हणजे ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’. चाळीस प्रश्न, संगणकावर, मग रंगीत वर्तुळ आणि खाली निकाल: ‘तुमचा कल अध्यापनाकडे’. प्रश्नच असे, की लहान भावंडांना शिकवणारी, चार माणसांत मिसळणारी कुठलीही मुलगी शिक्षिकाच निघेल. ‘यंत्र उघडून बघायला आवडतं का’ असा प्रश्न एकच, आणि ज्या घरात मिक्सर भावाने उघडायचा असतो तिथली मुलगी त्याला ‘नाही’ म्हणणार. ही चाचणी घरचीच सवय कागदावर छापून देते. केंद्राने तिसरी बैठक काढून टाकून तो दीड तास कॅटच्या आणि पेटंटच्या रस्त्याला द्यावा.

जाणाऱ्यांसाठी: फक्त पहिल्या दोन बैठका घेता येतात, 1,700 रुपयांत. ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. बोलणं हिंदीत चालतं, काकू मराठीतही बोलतात. दुसरी बैठक महिन्यातून दोनदाच, शनिवारी. तारीख आधी फोन करून पक्की करा, फिजिसिस्टची ड्यूटी बदलली की बैठक पुढे ढकलतात. जाताना दहावीचं प्रमाणपत्र, वडिलांचा दाखला आणि त्यावरची जारी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही स्वच्छ दिसेल अशी प्रत न्या. मूळ कागद फाइलमध्ये ठेवून केंद्रात सोडून येऊ नका; खालच्या दुकानात झेरॉक्स काढा आणि काचेवरून मूळ प्रत उचलायला विसरू नका.